लाल पेटीतली कोरडी नळी

गफूरभाई,

तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. आठव्या दिवशी चौकशीत द्यायचा एक टाइप केलेला कागद माझ्या टेबलावर आला. चूक तुमची होती, असं त्यात लिहिलं होतं. लातुरातल्या निम्म्या हॉस्टेलांच्या आग विझवायच्या पाण्याच्या लायनी ज्या माणसानं जोडल्या, त्याचं नाव लिहायचंसुद्धा त्यांच्या जिवावर आलं होतं. नुसतं 'मयत फिटर'. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली होती, आणि माझं नाव मात्र पूर्ण, डिप्लोमासकट.

कागद घेऊन सर स्वतः आले होते, लातूरहून नांदेडला, खास गाडी करून. तेच सर, ज्यांच्या हॉस्टेलातल्या आगीनं तुमचा जीव घेतला. पूर्वी फिजिक्स शिकवायचे म्हणून सगळं लातूर त्यांना अजून सरच म्हणतं. तुमच्या जनाज्याला त्यांनी खांदा दिला होता. कब्रस्तानच्या फाटकाबाहेर मी बायकांमध्ये उभी होते, तेव्हा ते चार लोकांना सांगत होते की असा इमानदार माणूस पुन्हा होणे नाही. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय.

"ताई, जाणारा गेला," सर मला म्हणाले. "त्यांना आता कशानं काय फरक पडायलाय? तुमचं लायसन वाचतंय, माझं हॉस्टेल वाचतंय. त्यांच्या घरच्यांचं मी बघतो की."

मी त्यांना चहा दिला. मनात आलं होतं की तोच त्यांच्या अंगावर ओतावा, पण हातांना सवय लागलेली असते. "घाई नाही, वाचून ठेवा," म्हणत ते गेले. आणि खरं सांगते, मी तो कागद फाडला नाही. दोन दिवस ड्रॉईंगच्या गुंडाळ्यांखाली ठेवला. एकदा पेनाचं टोपणही काढलं. हे तुम्हाला कळायला हवं. आजवर सगळे मला तोंडावर बोलणारी बाई म्हणत आलेत आणि मीही ते खपवून घेत आले.

आपली पहिली गाठ किल्लारीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडली, आणि पहिल्याच दिवशी भांडण झालं. भूकंपाला काही महिने झाले होते. मी नायगावची, पॉलिटेक्निकमधून नुकती बाहेर पडलेली, नव्या घरांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात लागले होते. तुम्ही औशाचे, शेडना पाण्याची लाईन टाकत होतात. माझ्या टेबलाशेजारच्या माठातलं पाणी प्यायला आलात आणि नकाशावर वाकलात.

"ताई, ह्या घराला दारं किती?"

"एक."

"अन् ते बी आत उघडायलंय."

मी म्हटलं, सगळ्यांचीच दारं आत उघडतात. तुम्ही पेला पालथा घातलात. "म्हणून तर मान्सं झोपंनात घरात. भाईर कसं निघायचं ते आधी काढा. भिंती मंग."

एक नळ जोडणारा माणूस मला नकाशा शिकवतोय, म्हणून माझा जळफळाट झाला. महिनाभरानं तुम्ही त्या कंदिलाचं सांगितलंत, तेव्हा मला तुमचं दार कळलं. औशाहून निघालेल्या पहिल्या ट्रकमधून तुम्ही दगड उचलायला गेला होतात. एका बाईनं तुम्हाला सांगितलं की तिचा नवरा धडधाकट बाहेर आला होता. पोरं बाहेर, म्हातारी बाहेर. मग त्याला आठवलं की कंदील आत जळतोय, घराला आग लागेल. तो विझवायला तो परत आत गेला आणि उरलेली भिंत त्याच्यावर आली.

"आग लागलीच न्हाई ताई," तुम्ही म्हणालात. "कंदील दगडाखाली आपोआप विझला हुता." हे सांगताना तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात. पान्याला चिकटलेला चिखल नखानं काढत बसला होतात.

पुढं तुम्ही दुबईला गेलात, मी नांदेडला संसार आणि ऑफिस थाटलं. तुम्ही परत आलात तेव्हा लातूर ओळखू येत नव्हतं. चौकाचौकात रँक आलेल्या पोरापोरींचे फोटो, आणि ज्वारीच्या रानात चार-चार मजली हॉस्टेलं. शिरूर अनंतपाळपासून देगलूरपर्यंतच्या पोरी तिथं कॉटला कॉट लावून राहायच्या. प्रत्येक मजल्यावर आगीची लाल पेटी लागायची. नकाशा मी काढायचा आणि जोडायचं तुम्ही. साईटवर आपण दोघं दिसलो की गवंडी म्हणायचे, आले भांडायला.

आणि तुमचं ते तीन साहेबांचं पुराण! प्रत्येक नव्या मालकासमोर तुम्ही ते लावायचात. मला पाठ होतं.

"दुबईत माझ्यावर तीन साहेब हुते," तुम्ही सुरू करायचात. "इंग्रज म्हणायचा, भिंतीवर नळीच नगं. नळी दिसली की मानूस हिरो होतंय. घंटी वाजली की जिन्यानं खाली चालायचं, आग बंबवाल्यानं बघायची. मंग अमेरिकावाला आला. त्यानं पेट्यातल्या नळ्या काढून नेल्या, निस्तं पितळी तोंड ठिवलं. त्यांचा बंबवाला म्हणं आपली नळी आपल्या खांद्यावर घिऊन येतो, दुसऱ्याच्या सडक्या नळीवर जीव टाकत न्हाई. अन् जर्मन! त्यानं चाकावरची रबरी नळी बसवली, येकट्या बाईला वढता येईल अशी. अन् झाडूवाल्या बायांला शिकवलं. वर्षाला सगळी नळी वढून, पाणी सोडून बघायचा. थेंब गळला की माझ्यावर वरडायचा."

"मग बरोबर कोण?" मालक विचारायचा.

"तिघं बी बरोबर. तिघांनी काय ते येक ठरवलं हाय. पळायचं तर पळायचं, विझवायचं तर विझवायचं. आपल्याकडं ठरलंच न्हाई. आपल्याकडं निस्ती पेटी हाय."

खरंच होतं ते. आपल्या नियमात सगळंच आहे. चाकावरची रबरी नळीही हवी आणि जाडजूड कापडी नळीही हवी. आणि पेटीत काय असायचं? हॉस्टेल सांभाळणाऱ्या मावशींचा झाडू, फिनेलची बाटली, कुणाच्या तरी पावसाळी चपला. नळीच्या तोंडाचं पितळेचं नोझल चोरीला जातं म्हणून ते सरांच्या केबिनमध्ये, काचेच्या कपाटात, ट्रॉफ्यांशेजारी. एक ना धड, भाराभर चिंध्या.

मी मात्र तुमच्याशी भांडायचे. इंग्रजाचं इथं चालणार नाही, म्हणायचे. कोचिंगच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारसायकली, मध्ये भज्यांचा गाडा. बंब आत शिरेपर्यंत वरच्या पोरींनी काय करायचं? नळी हवीच.

"मंग पाणी ठिवा," तुम्ही म्हणायचात. "पाणी न्हाई तर नळी काढून टाका. कोरडी नळी लई वंगाळ ताई. जो पळाला असता त्यो तिला धरून थांबतो. त्यापरीस दुसरा जिना काढा."

दुसऱ्या जिन्यासाठी कुठला मालक खोल्या सोडणार, असं मी म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, विचारून तर बघा. मी विचारलं नाही कधी. चहा संपायचा, आपापल्या बसला लागायचो, भांडण तिथंच राहायचं.

मग ते उन्हाळे आले. लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं ते. हॉस्टेलच्या पोरी सकाळी बादल्या घेऊन जिन्यात रांगेनं बसायच्या आणि गच्चीवर आगीची टाकी काठोकाठ भरलेली, शेवाळ धरून. पोरी हुशारच, म्हणून तर लातूरला आलेल्या. त्यांनी लाल पेटी उघडली, चाकावरची नळी ओढली आणि बादल्या भरल्या. तुम्ही तपासणीला गेलात तर नळीच्या तोंडाला शाम्पूचा वास. तुम्ही मला फोन करून हसत होतात, "ताई, जर्मन असता तर झीट यून पडला असता."

सरांना हसू आलं नाही. त्यांनी पेट्यांना कुलपं घालायला सांगितली. तुम्ही म्हणालात, कुलूप घालाल तर मी काम सोडलं. मग सरांनी माझ्याकडे दुसरी वाट काढली. गच्चीवर दोन टाक्या होत्या, एक आगीची, एक वापराची. नियमाप्रमाणं पाणी आधी आगीच्या टाकीत पडतं, ती भरली की वरून सांडलेलं वापराच्या टाकीत जातं. म्हणजे आगीची कधी रिकामी होत नाही. सर म्हणाले, दोन्ही टाक्या तळाला जोडून द्या, मध्ये एक व्हॉल्व्ह ठेवा, आगीचं पाणी पोरींच्या नळाला येईल, तेवढा उन्हाळा निघून जाईल.

"हे मी जोडनार न्हाई," तुम्ही म्हणालात. गच्चीवर आपण तिघं होतो. ऊन मी म्हणत होतं.

तेव्हा मी जे बोलले ते शब्दाला शब्द लिहिते. "गफूरभाई, अठरा वर्षांच्या पोरी आहेत. महिन्याचे ते चार दिवस अर्ध्या बादलीत कसे काढायचे, ते तुम्ही मला सांगा."

तुमची मान खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. परक्या बाईशी, त्यातून सरांसमोर, या विषयावर तुम्ही एक शब्द बोलणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी तो विषय काढला. खोटं बोलले असते तर तुम्ही मला तिथल्या तिथं सरळ केलं असतं. ते खरं होतं, आणि मी त्याचा वापर केला. तिसरी टाकी ठेवता आली असती गफूरभाई. सरांना गच्चीवरचा अभ्यासाचा हॉल थोडा मोडावा लागला असता, एवढंच. पण ते सांगायचं तर सरांशी वाईटपणा घ्यावा लागला असता. तुमच्याशी वाईटपणा घेणं मला सोपं होतं.

मी नकाशावर रेघ काढली. खाली सही केली. तुम्ही पाईप जोडलात, जाताना एवढंच म्हणालात, "पाऊस पडला की बंद करायचा." त्या दिवशी माझ्याबरोबर चहा घेतला नाहीत.

पाऊस पडला. व्हॉल्व्ह उघडाच राहिला. तुम्ही गेलात की बंद करायचात, चार दिवसांनी मावशी उघडायच्या. मावशींना मी काय बोलू? पोरी त्यांच्याच दारात बादल्या वाजवायच्या. अशी वर्षं गेली. दर खेपेला तुमचा फोन यायचा, "ताई, तेवढं नकाशातलं काढा की. सरांला चिठ्ठी द्या." मी म्हणायचे, बघू. माझ्यासारखी तोंडाळ बाई वर्षानुवर्षं बघू म्हणते, याचा अर्थ तुम्हाला कळत होता. तरी तुम्ही फोन करत राहिलात.

जिन्याखालच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांनी पेट घेतला तेव्हा भर दुपार होती. बहुतेक पोरी क्लासला. तुम्ही वरच्या मजल्यावर कुठलंसं गळकं जॉइंट बघायला गेला होतात. पुढचं मला नायगावच्याच एका पोरीनं सांगितलं. दवाखान्याच्या बाकावर बसून सांगत होती, आवाज अजून बसलेला.

"काका दारं वाजवत आले. पळा म्हणाले, पुस्तकं नगा घेऊ. आमी तिघी मागं राहिलो, जिन्यात धूर झालता. काकांनी नळी वढली अन् जिन्यात पाणी मारलं. म्हणाले, भिताडाला धरून उतरा, मागं बघू नगा. आमी त्यांच्या बाजूनं उतरलो. अन् पाणी थांबलं. मी बघितलं मागं. काका नळी हलवून बघायलते."

नळी हलवून बघत होतात तुम्ही. कारण आगीच्या तीन दिवस आधी तुम्ही स्वतः व्हॉल्व्ह बंद करून टाकी भरायला लावली होती, मावशींना बजावलं होतं. तुमच्या हिशेबानं वर टाकीभर पाणी होतं. त्या आठवड्यात नळ आला नाही, म्हणून मावशींनी व्हॉल्व्ह उघडला. तुमच्या वाट्याला दोन बादल्या पाणी आलं. त्या दोन बादल्यांत तीन पोरी खाली उतरल्या, आणि तुम्ही उरलेल्या पाण्याची वाट बघत धुरात उभे राहिलात.

मला तुमचा भयंकर राग आलाय. जन्मभर लोकांना पळा म्हणून सांगितलंत. त्या कंदीलवाल्याची गोष्ट सांगितलीत. इंग्रजाचं पुराण लावलंत. आणि तुमच्यावर वेळ आली तेव्हा जर्मनासारखे नळीवर विश्वास ठेवून बसलात. लातुरात! मी काढलेल्या रेघेवर! पोरी उतरल्यावर टाकायची होती ती नळी. टाकून चालायला लागायचं होतं. दवाखान्यात चार दिवस तुमच्या तोंडावर तो मास्क होता, मी उशाशी उभी होते, आणि तेव्हाही मला भांडायचंच होतं. तुम्ही एकदा डोळे उघडलेत. मी म्हटलं, "बरे व्हा, मग बोलू." तिथंसुद्धा मी पुढचीच तारीख दिली.

काल, दहाव्या दिवशी, मी औशाला तुमच्या घरी गेले. सरांचा कागद पर्समध्ये होता. शमीमभाभी आतल्या खोलीत, पांढऱ्या ओढणीत. बायका उठून गेल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. कागद दाखवला. गच्चीवरचं सांगितलं, तुम्हाला कसं गप्प केलं तेही, तेच शब्द वापरून. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा मला घालवून देतील. दोन्ही मला चाललं असतं.

भाभींनी कागद वाचला. मराठी त्यांना सावकाश वाचता येतं, मी बसून राहिले.

"हे मला कशाला सांगायलाव ताई?" त्या म्हणाल्या. "माफी पायजे का?"

माफीच हवी होती मला. ती मिळाली की मग कागदाचं काय करायचं ते ठरवणार होते, इतकी मी नीच.

"त्ये मला रोज सांगायचे, ताईनं चिठ्ठी दिली न्हाई आजून. मला समदं म्हाईत हाय." भाभींनी कागदाची घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "मी इद्दतीत हाय. मला चार महिने उंबऱ्याभाईर पाय टाकता येत न्हाई. न्हाईतर मीच गेले असते हापिसात. तुमाला कुणी आडवलंय?"

मला कुणी अडवलं नव्हतं. मी तशीच उठले. चहाही विचारला नाही त्यांनी, आणि बरंच केलं.

आज सकाळी लातूरला चौकशीच्या ऑफिसात गेले. जुना नकाशा नेला, माझ्या रेघेचा आणि माझ्या सहीचा. सरांचे तीन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. साहेब तरुण होते, नम्र होते. माझा जबाब लिहून घेताना त्यांनी विचारलं, "मयतानं या जोडणीला हरकत घेतली होती, असं तुम्ही म्हणता. लेखी आहे काही?"

"नाही."

"मेसेज? फोनचं रेकॉर्डिंग?"

"नाही. तोंडी. कितीतरी वेळा."

"मग पुरावा काय, मॅडम?"

"मी," म्हटलं. "हरकत माझ्याकडेच घेतली होती. मीच त्यांना गप्प केलं, आणि कशानं केलं तेही सांगते. लिहा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "नीट विचार करा. हे सगळं तुमच्यावर येईल."

"त्यांच्यावर आलंच की," मी म्हटलं. "लिहा."

त्यांनी लिहिलं. तुमचं म्हणणं पहिल्यांदाच कागदावर आलं, गफूरभाई. पानभर झालं. तुम्ही होतात तेव्हा माझी दोन ओळींची चिठ्ठी पुरली असती.